निसर्गाचं प्रमाणपत्र कशाला?

२०१२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’चं तेरावं प्रदर्शन भरलं. तेजल शाह यांचं ‘बिट्वीन द वेव्ह्ज’ तिथे पाच पडद्यांवर दाखवलं जात होतं. शाह यांचा जन्म १९७९चा, भिलाईचा. कारकीर्द मात्र उभी राहिली मुंबईत. या चित्रफितींतली माणसं पुरती माणसं नाहीत. कपाळावर लांबलचक शिंग, अंगाभोवती पांढऱ्या पट्ट्या, आणि बाई की पुरुष याचा थांग लागू नये अशी एकूण ठेवण. ती कधी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वावरतात, कधी खारफुटीत, कधी थेट शहरात. एकमेकांना हात लावतात, पाण्याला लावतात, चिखलालाही लावतात. यातला कुठला स्पर्श कामुक आणि कुठला निव्वळ कुतूहलाचा, ते ठरवायची जबाबदारी बघणाऱ्यावर टाकलेली आहे. पाचांपैकी एका पडद्याचं नाव ‘लँडफिल डान्स’. तिथे हेच शिंगवाले कचऱ्याच्या ढिगावर नाचतात. शहराने नको म्हणून टाकलेलं सगळं पायाखाली, आणि त्यावर बसवलेला नाच.

हे शिंग कासेलला नवं नव्हतं. रेबेका हॉर्न यांच्या ‘आइनहॉर्न’ या १९७०च्या सुमाराच्या कामात उघड्या अंगावर पांढऱ्या पट्ट्या बांधलेली, डोक्यावर उंच शिंग घेतलेली एक तरुणी शेतातून चालत जाते. हॉर्न १९७२च्या डॉक्युमेंटात सहभागी होत्या. चाळीस वर्षांनी तेच शिंग एका भारतीय कलावंताने परत आणलं. आपल्या बाजूने पाहिलं तर ते आणखी जुनं आहे, कारण हडप्पाकालीन मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा दिसणारा प्राणी एकशिंगीच आहे. पण हॉर्न यांची एकशिंगी बाई एकटी होती, शाह यांचा कळप आहे. आणि शेताच्या जागी कचराभूमी आलेली आहे. या दोन बदलांमुळे ते काम उसनं राहत नाही.

मराठी कलासमीक्षेने या कामाकडे पाहायला हवं होतं तितकं पाहिलेलं नाही. चित्रफीत आणि मांडणशिल्प म्हटलं की आपले समीक्षक अजूनही अंग चोरतात, त्यात विषय लैंगिकतेचा असला की विचारायलाच नको. म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतो. अशा कामांना जोडलं जाणारं ‘क्वीअर इकॉलॉजी’ हे नाव आधी विद्यापीठांत रुळलं. ग्रेटा गार्ड यांचा या दिशेचा निबंध १९९७चा. कॅट्रिओना सँडिलँड्स आणि ब्रूस एरिक्सन यांनी संपादित केलेला ‘क्वीअर इकॉलॉजीज’ हा ग्रंथ २०१०चा. त्यातला मूळ मुद्दा अवघड नाही. कुठली वासना नैसर्गिक आणि कुठला भूभाग नैसर्गिक, हे ठरवणारे लोक बहुतेक वेळा तेच असतात, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचा स्वार्थही एकाच प्रकारचा असतो. जंगल निर्मळ ठेवायचं म्हणून तिथल्या माणसांना हाकलणारी बुद्धी आणि कुटुंब निर्मळ ठेवायचं म्हणून घरातल्या मुलाला हाकलणारी बुद्धी यांच्यात नातं आहे, असं या मंडळींचं म्हणणं.

भारतीय वाचकाला हे पटवायला ग्रंथांची गरज नाही. १८६०च्या दंडविधानातलं ३७७वं कलम गुन्हा ठरवत होतं तो ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ जाणाऱ्या संबंधांचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने ते संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. दीडशेहून अधिक वर्षं निसर्ग आपल्याकडे सरकारी साक्षीदार म्हणून उभा होता. साहजिकच बचाव पक्षानेही निसर्गालाच साक्षीला बोलावलं. ब्रूस बॅगेमिल यांच्या १९९९च्या जाडजूड ग्रंथात प्राण्यांमधल्या समलिंगी वर्तनाच्या शेकडो नोंदी आहेत. क्लाउनफिश लिंग बदलतो, गांडूळ एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतं. इतक्या लांबही जायला नको. पपई लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पपईत नर, मादी आणि द्विलिंगी अशी तिन्ही झाडं निघतात हे तो सांगेल, आणि फळ धरत नाही म्हणून नर झाडं तो उपटून टाकतो हेही सांगेल.

या विषयावरच्या कलेचा मोठा भाग इथेच अडकून पडला आहे. पक्षी, मासे, बुरशी, अळंब्या यांची देखणी छायाचित्रं किंवा संगणकावर केलेली चलच्चित्रं लावायची, सोबत एक भारदस्त टिपण जोडायचं, आणि सांगायचं काय, तर पाहा, निसर्ग स्वतःच किती वळणावळणाचा आहे! हे खोटं नाही. पण ही कला नव्हे, हा प्रतिज्ञापत्राला जोडलेला पुरावा झाला. शिवाय तो ज्याच्या हाती जाईल त्याच्या कामाचा. प्राण्यांत समलिंगी वर्तन आहे म्हणून ते माणसात चालेल असं म्हटलं, की प्राण्यांत पिल्लं मारून खाणंही आहे, त्याचं काय करायचं? आपल्या जगण्याला निसर्गाचं प्रमाणपत्र लागतं हे मान्य केलं, की प्रमाणपत्र देणाऱ्याची खुर्चीही आपणच पक्की करतो. या क्षेत्रातली जी थोडी कामं टिकतील असं मला वाटतं, त्यांनी हे प्रमाणपत्र मागितलेलंच नाही. त्यांनी एक ठरावीक जागा धरली आणि तिच्याशी देहाने संबंध जोडला.

झेंग बो यांचं ‘टेरिडोफिलिया’ हे त्यातलं सर्वांत वादग्रस्त उदाहरण. झेंग बो मूळचे बीजिंगचे, हाँगकाँगच्या लांटाउ बेटावर राहतात. २०१६ पासून तैवानच्या जंगलात त्यांनी ही चित्रफितींची मालिका सुरू केली. पहिल्या भागात सात तरुण जंगलात शिरतात आणि तिथल्या नेच्यांशी शरीरसंबंध करतात. हे वाचून हसू येणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष पाहताना ते लवकर ओसरतं, कारण त्यात थट्टाही नाही आणि बाजारू अश्लीलताही नाही. पान गालावरून फिरतं, त्याची कड ओठांना लागते, देठ वाकतो, ओल्या जंगलाचा आवाज सतत चालू असतो. दुसऱ्या भागात एक तरुण ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नेच्याशी जवळीक करतो आणि नंतर तोच नेचा खाऊन टाकतो. तैवानमध्ये या नेच्याची कोवळी पानं भाजी म्हणून सर्रास खाल्ली जातात. म्हणजे त्याला तोडून, परतून, ताटात वाढलेलं कुणालाच खटकत नाही. त्याला कुरवाळलेलं मात्र खटकतं.

नेचाच का, याचं झेंग बो यांनी दिलेलं कारणही पाहण्यासारखं आहे. तैवानच्या आदिवासींनी नेचे खाल्ले, वापरले, जपले. जपानी राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या मागून आलेल्या राष्ट्रवादी सरकारला त्यांची किंमत नव्हती. वनस्पतींची ही राजकीय उतरंड हा झेंग बो यांचा जुना विषय. २०१५ मध्ये त्यांनी शांघायच्या रानभाज्यांवरचं १९६१चं एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत हाताने उतरवून काढलं. १९६१ म्हणजे चीनमधल्या महादुष्काळाचा काळ, रानभाज्या ओळखता येणं हा तेव्हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. उद्या हवामानबदलाने पिकं बुडाली तर हे ज्ञान पुन्हा लागेल, अशी त्या नकलेमागची पैज आहे. मला स्वतःला हे हस्तलिखित ‘टेरिडोफिलिया’पेक्षा मोठं काम वाटतं. त्यात देह दिसत नाही, पण अक्षर उतरवणारा हात प्रत्येक पानावर आहे.

‘टेरिडोफिलिया’वर एक आक्षेप घेण्यासारखा आहे आणि तो सोवळ्या माणसाचा नाही. नेच्याची संमती कुणी घेतली? क्वीअर चळवळीने जगाला शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट संमती ही आहे. तिच्याच नावाने चाललेल्या कलेत न बोलणाऱ्या जिवाला जोडीदार म्हणून उभं करायचं आणि त्याचं मौन होकार समजायचं, हे अवघड आहे. २०२२च्या व्हेनिस बिएनालेत दाखवलेल्या त्यांच्या ‘ल साक्र द्यु प्रँताँ’ या चित्रफितीत, स्वीडनच्या दालार्ना भागातल्या पाइनच्या अरण्यात, पाच नग्न नर्तक झाडांशी भिडतात. तिथे हा प्रश्न आणखी टोचतो. चित्र उलटं होतं, माणसं डोक्यावर उभी दिसतात. दृश्य विलक्षण आहे, पण देह सगळे तरुण, घोटीव, निरोगी. जंगलाची जीर्णता ज्या प्रेमाने दाखवली आहे त्या प्रेमाने माणसाची जीर्णता दाखवायचं धाडस तिथे नाही.

ते धाडस या कलेला नाव मिळण्याच्या आधीच एकाने केलं होतं. इंग्लिश चित्रपटकार डेरेक जार्मन यांना १९८६च्या डिसेंबरात एचआयव्ही असल्याचं कळलं. त्या सुमाराला त्यांनी इंग्लंडच्या आग्नेय टोकाला डंजनेस इथे कोळ्याचं एक काळं लाकडी घर घेतलं, पिवळ्या चौकटींच्या खिडक्यांचं. सभोवती माती नाही, नुसते गोटे, खारा वारा, आणि नजरेच्या टप्प्यात अणुवीज प्रकल्प. तिथे त्यांनी बाग केली. समुद्राने आणून टाकलेली लाकडं, गंजलेले लोखंडी तुकडे, गारगोट्यांची वर्तुळं, मधे त्या किनाऱ्यावर आपोआप उगवणारा समुद्रकोबी. बागेला कुंपण नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडर्न नेचर’ या त्यांच्या रोजनिशीत झाडांची नावं, मेलेल्या मित्रांची आठवण, औषधं आणि सरकारवरचा संताप हे सगळं एकात एक मिसळून येतं. ब्रिटनमध्ये १९८८ साली ‘सेक्शन २८’ लागू झालं होतं, समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला स्थानिक संस्थांना मनाई करणारं. १९९४ मध्ये जार्मन गेले. २०२० मध्ये लोकवर्गणीतून पस्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी करून ते घर वाचवण्यात आलं. जार्मन यांनी निसर्ग आपल्यासारखा आहे असा दावा कुठेच केला नाही. मरायला टेकलेला माणूस, बिनमातीची जमीन आणि किरणोत्साराची शेजारीण, एवढ्यावर त्यांचं भागलं. या विषयातलं माझ्या मते सर्वश्रेष्ठ काम अजूनही ती बागच आहे.

अमेरिकेच्या ॲनी स्प्रिंकल आणि बेथ स्टीव्हन्स यांचं मात्र उलट. पृथ्वीशी, डोंगरांशी, समुद्राशी जाहीर लग्नं लावणं हा त्यांचा प्रसिद्ध उद्योग. त्यातला हलकेफुलकेपणा मला सोसतो, कंटाळवाण्या पर्यावरणी प्रवचनापेक्षा तो कितीतरी बरा. पण दहावं लग्न पहिल्यासारखंच असतं. अपवाद २०१३च्या ‘गुडबाय गॉली माउंटन’ या माहितीपटाचा. वेस्ट व्हर्जिनिया हे स्टीव्हन्स यांचं माहेर, आणि तिथे कोळशासाठी डोंगरांचे माथे सुरुंग लावून उडवतात. गावातली माणसं, खाणीवर पोट असलेली नातलग मंडळी कॅमेऱ्यासमोर आली की लग्नाचा पोरखेळ एकदम गंभीर होतो. जागा नेमकी झाली, की कलाही नेमकी होते.

इथून पुन्हा आपल्या कचऱ्याकडे. ‘लँडफिल डान्स’ला मी हवामानबदलावरचं काम म्हणतो ते सवंगपणे नव्हे. ओला कचरा दबून कुजला की मिथेन निघतो, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोराने वातावरण तापवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित संशोधनात मुंबईतल्या एकाच कचराभूमीचा वाटा शहराच्या एकूण मिथेनमध्ये सुमारे चौथाई निघाला. १९२७ पासून वापरात असलेल्या मुंबईच्याच देवनार कचराभूमीला २०१६च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहातून दिसत होता. तेव्हा खारफुटी आणि कचराभूमी यांना एकाच कामात शेजारी बसवणं ही शाह यांची जाण अचूक आहे. मुंबईतली खारफुटी मागे हटते ती बऱ्याचदा भराव आणि राडारोडा यांच्यामुळेच. वंध्य समजलेले देह आणि निरुपयोगी समजलेली जमीन यांची गाठ शाह यांनी जशी घातली तशी भारतात दुसऱ्या कुणी घातलेली नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. कचराभूमी ही कुणाची तरी कामाची जागा आहे. तिथे कचरा वेचत दिवस काढणाऱ्या बायका बहुतांशी दलित आणि गरीब मुस्लिम वस्त्यांतल्या असतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून याच माणसांची संघटना म्हणून उभी आहे. त्यांचं रोजचं जगणं हा ‘बिट्वीन द वेव्ह्ज’चा विषय होत नाही, ढिगाला दंतकथेची पार्श्वभूमी व्हावं लागतं. हे शाह यांच्याकडून व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण २००६च्या ‘हिजडा फँटसी सिरीज’मध्ये त्यांनी नेमकं उलट केलं होतं. तिथे छायाचित्रातल्या व्यक्तींनीच आपलं स्वप्न सांगितलं आणि शाह यांनी ते उभं केलं. एका छायाचित्रात यशोदा-कृष्णाचा रविवर्मी थाट आहे. ज्याचं चित्र त्याची इच्छा, हा नियम ढिगाऱ्यावर चढताना मागे का राहिला? जात सोडून भारतातल्या घाणीबद्दल बोलता येत नाही, मग बोलणारा कितीही बंडखोर असो.

या ठिकाणी मला चंद्रपूरच्या प्रभाकर पाचपुते यांचं काम जोडीला ठेवावंसं वाटतं. त्यांना क्वीअर कलावंत म्हणण्याचा माझा हेतू नाही. १९८६ साली सास्ती गावात, खाणकामगारांच्या घरात जन्मलेला हा चित्रकार कोळशानेच कोळशाची चित्रं काढतो. त्यांच्या भिंतभर चित्रांत माणसाच्या धडावर यंत्र येतं, जनावराला माणसाचे पाय येतात, शेत आणि खाण एकाच अंगावर वाढतात. देहाच्या सीमा मोडणं हे शाह यांच्यासारखंच. पण इथे ती मोडतोड रोजगाराने केलेली आहे, त्यात सुख नाही. २०२२च्या ज्या व्हेनिस प्रदर्शनात झेंग बो यांचे नर्तक होते त्याच प्रदर्शनात पाचपुते यांचंही चित्र होतं. एका बाजूला अरण्याशी प्रणय, दुसऱ्या बाजूला अरण्य खणून कोळसा काढणाऱ्याचा वाकलेला पाठकणा. क्वीअर इकॉलॉजीच्या कलेला भारतात पुढे जायचं असेल तर तिने या दुसऱ्या भिंतीसमोर बराच वेळ काढला पाहिजे.

आणि एक सापळा टाळला पाहिजे. ॲट्राझिन या तणनाशकाच्या अगदी कमी मात्रेतही वाढलेल्या नर बेडकांपैकी सुमारे १० टक्के पूर्णपणे मादीसारखे झाले, असं टायरोन हेज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोगातून दाखवलं. त्यावर अमेरिकेत जो गहजब झाला तो बेडकांच्या जिवापेक्षा पुरुषत्वाच्या काळजीपोटी जास्त होता. विष पाण्यात मिसळलं याचा संताप हवा; बेडूक बायकी झाला याचा नको. पर्यावरणवाद्यांचीही इथे वारंवार घसरगुंडी होते, हे जोव्हाना दी किरो यांनी त्याच २०१०च्या ग्रंथात दाखवून दिलं आहे.

‘बायकी’ होण्याच्या भीतीचा हा सापळा आपल्याही दारात आहे. समुद्री कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची कोवळी पिढी ९९ टक्के मादी असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. हवामानबदल लिंगापर्यंत पोचतो याचं यापेक्षा उघड उदाहरण नाही. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ती राखली आहेत. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’तला कामुक, रसरशीत निसर्ग ज्या भाषेने सत्तर वर्षांपूर्वी पचवला, त्या भाषेतल्या कलावंतांना आणि समीक्षकांना या वाळूत पुष्कळ काम आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं निघतात, तिथला कासव महोत्सवही तेव्हाच असतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी तिकडे जावं. पिल्लांचे फोटो काढून झाले की घरटी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांजवळ बसावं, आणि वाळू किती तापते ते त्यांच्याकडून ऐकावं.